द नेक्स, आई आणि न सापडणारी सम

"तुझा आवडता बँड कुठला?" असं कोणी विचारलं की मी हल्ली विषय बदलते. कारण द नेक्स म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "एखादं गाणं पाठव ना त्यांचं", आणि तिथंच गाडी अडते. गाणं नाहीये. म्हणजे आहे, पण ते छप्पन्न मिनिटांचं आहे, त्यात एक शब्द नाही, आणि पाचव्या मिनिटाला जे चालू असतं तेच पन्नासाव्या मिनिटाला पण चालू आहे असं वाटतं. वर त्या अल्बमचं नाव 'सेक्स'. १९८९ चा, त्यांचा पहिलाच. हे नाव ऑफिसच्या लॅपटॉपवर सर्च करू नका एवढंच सांगते.

तर द नेक्स म्हणजे आम्ही राहतो त्या सिडनीचं त्रिकूट. ख्रिस एब्रहॅम्स पियानोवर, लॉइड स्वॉन्टन डबल बेसवर, टोनी बक ड्रम्सवर. १९८७ ला जमले. तिघंही इथल्या जॅझ आणि रॉक सर्किटमध्ये पोटापाण्यासाठी वाजवत होतेच, एब्रहॅम्स आणि स्वॉन्टन तर आधी द बेंडर्स नावाच्या जॅझ बँडमध्ये एकत्र होते, आणि मग या लोकांनी काय करावं, तर असा बँड काढला जो लोकांसमोर वाजवणारच नाही. खरंच. सिडनी युनिव्हर्सिटीतल्या एका खोलीत दार लावून बसायचं आणि वाजवायचं, बस. ऐकायला कोणी नाही, गाणी बसवायची नाहीत. काही महिन्यांनी त्यांना वाटलं की हे बाहेर वाजवून बघायला हरकत नाही, तेव्हा कुठे पहिला कार्यक्रम झाला. ती बंद खोली त्यांच्या वाजवण्यातनं अजून गेलेली नाहीये असं मला प्रत्येक वेळी वाटतं. हॉल भरलेला असला तरी आपण दाराच्या फटीतून ऐकतोय असा फील येतो. आणि लाइनअप तीच, चाळीस वर्षं होत आली, ना कोणी भांडून गेलं, ना कोणाला काढलं, ना मग पंधरा वर्षांनी पैशासाठी रीयुनियन टूर करावी लागली.

फ्री इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे आधी काहीच न ठरवता वाजवणं, म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर गोंगाट येतो आणि ते अगदीच खोटं पण नाही म्हणा. अमेरिकन सॅक्सोफोनवाला ऑर्नेट कोलमन, त्यानं डिसेंबर १९६० मध्ये दोन क्वार्टेट (चार-चार जणांचे बँड) एकाच खोलीत घेतले, एक डाव्या स्पीकरमधून ऐकू येणार आणि एक उजव्या, आणि आठ जण सदतीस मिनिटं वाजवत राहिले, त्या रेकॉर्डचं नावच 'फ्री जॅझ'. लंडनमध्ये १९६५ ला एएमएम नावाचा ग्रुप सुरू झाला, त्यातला कीथ रो गिटार टेबलावर आडवी टाकायचा आणि तारांवर हाताला येईल ती वस्तू घासायचा. १९८६ ला लास्ट एक्झिट हा बँड आला, पीटर ब्रॉट्झमनचा सॅक्सोफोन, सॉनी शॅरॉकची गिटार, बिल लॅसवेलचा बेस, रोनाल्ड शॅनन जॅक्सनचे ड्रम्स, रॉक आणि जॅझ दोन्ही एकाच मिक्सरमधून काढलेले, रिहर्सल वगैरे भानगड नाही, आणि आवाज असा की शेजारी दार वाजवतील. मला हे सगळं आवडतं, पण बेतानं आवडतं, मूड लागतो. कारण ह्या प्रकारात एक गोची असते: काहीही करायची मुभा मिळाली की माणसं सगळंच करायला जातात, दहा मिनिटांत जोरात वाजवून झालं, हळू वाजवून झालं, वाद्य उलटं धरून झालं, आता पुढे काय?

नेक्सवाले बरोबर उलटं करतात. मुभा सगळ्याची आहे, आणि घेतात एवढंसं. बेसवर तीन सूर. किंवा पियानोच्या वरच्या पट्ट्यांवर एक छोटासा झुबका. आणि मग तिथून हलतच नाहीत. हलतात, पण कधी हलले ते कळत नाही. दादरला आपली लोकल उभी असते आणि शेजारची सुटते तेव्हा क्षणभर आपलीच सुटली असं वाटतं बघा, मग खांबाकडे बघून खात्री करावी लागते, तसं. इथं खांब नसतो. वीस मिनिटांनी तुमच्या लक्षात येतं की अरे, आपण भलतीकडेच आलोय, पण वळलो कुठं ते शोधायला मागे जाता येत नाही कारण लाइव्ह चाललंय.

लाइव्हचं सांगते आता, मुख्य तेच सांगायचंय.

बक बर्लिनला राहतो, बाकी दोघं सिडनीत, त्यामुळे घरच्या टूरचा सीझन बहुतेक वेळा इथला उन्हाळा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. आई तेव्हा मिरजेहून आलेली होती. आम्ही राहतो शहराच्या पश्चिमेला, त्या बाजूला ट्रेनमध्ये मराठी इतकं कानावर पडतं की आईला ऑस्ट्रेलिया बघायचा राहूनच गेला होता. नवऱ्याला ऐनवेळी ऑन-कॉल लागलं, तिकीट फुकट जाणार, म्हटलं चल. "कसलं आहे?" "जॅझ आहे गं, जॅझसारखं." "बसायला खुर्ची आहे ना?" "आहे." "मग चालेल."

आई गायिका वगैरे नाही. पण मिरजेची आहे. म्हणजे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव, दर्ग्यात उरुसाला रात्र-रात्र गाणं ऐकत मोठी झालेली, आणि सतारमेकर गल्लीतनं रोजचं जाणं-येणं असल्यामुळे तंबोऱ्याची जवारी (तारेचा भरलेला झणकार) नीट लागलीये की नाही हे तिला लांबूनच कळतं, शिकलेली नसताना. हे आधी सांगून ठेवते कारण पुढे तिनं जे काय बोललं ते मी एवढ्या वर्षांत कुठल्या रिव्ह्यूमध्ये वाचलेलं नाही.

तिघं आले. हाय-हॅलो नाही, आज आम्ही अमुक वाजवणार असं नाही, कारण त्यांनाच माहीत नसतं. हा त्यांचा अगदी पहिल्यापासूनचा शिरस्ता: आधी काही ठरवायचं नाही, सूर नाही, लय नाही, सुरुवात कोण करणार हे सुद्धा नाही. आपापल्या जागी बसले आणि गप्प. ही शांतता भयंकर असते. आई माझ्याकडे बघते, मी समोर बघते. मग स्वॉन्टननं डबल बेसवर गज ठेवला आणि अगदी कडेकडेनं एक खर्जातला सूर ओढला, लांबलचक. थोड्या वेळानं एब्रहॅम्सनं उजव्या हातानं चार-पाच सुरांची एक लड सुरू केली, फिरून फिरून तीच. बकनं काठ्या घेतल्याच नाहीत बराच वेळ, घुंगरांसारखं काहीतरी होतं ते फ्लोअर टॉमवर (जमिनीवर ठेवलेल्या मोठ्या ड्रमवर) नुसतं घासत होता.

सात-आठ मिनिटं झाली असतील, शेजारी बघते तर आईचा हात मांडीवर. टाळी, बोटं, खाली. ती मोजत होती! सोळा मात्रांचा ताल धरून सम (आवर्तनाची पहिली मात्रा) शोधून बघितली, जमेना. मग चौदा. मग परत सुरुवातीपासून. कपाळाला आठी. मला हसू आवरेना पण तिचा चेहरा बघून गप्प बसले. एवढ्यात स्वॉन्टननं गज खाली ठेवून बोटांनी एक तुकडा धरला होता, पियानोची लड तिच्या वेगळ्याच अंतरानं फिरत होती, आणि बकचे पाय तिसरंच काहीतरी करत होते.

मध्यंतरात कॉफी घेताना ती म्हणाली, "दोघांची सम वेगळी आहे बघ. पियानोवाल्याची येते तेव्हा त्या मोठ्या व्हायोलिनवाल्याचं मधेच चाललेलं असतं. आणि ढोलवाल्याला तर समच नाही. पण कुणी कुणासाठी थांबत नाहीये आणि तरी बिघडत नाही, हे कसं काय?" मी म्हटलं, "तेच तर, आई." "तेच तर काय? सांग की कसं." मला सांगता आलं नाही. मी इतकी वर्षं ऐकतेय आणि मला 'मस्त वाटतं' याच्या पुढे सांगता येत नव्हतं, आणि हिनं पहिल्याच सेटमध्ये नेमकी नस पकडली.

पुढे घरी येऊन टाऊन्सव्हिल परत ऐकला (२००७ चा अल्बम, क्वीन्सलँडमधल्या टाऊन्सव्हिल गावातला लाइव्ह सेट, त्रेपन्न मिनिटं, एकच तुकडा) तेव्हा आईच्या पद्धतीनं मोजून बघितलं. आणि खरंच. एकाची आवर्तनं मोजायला लागलं की दुसऱ्याची निसटतात. दोन वर्तुळं वेगळ्या मापाची, त्यामुळे ती एकमेकांवर प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी पडतात, आणि म्हणून वाजवणारा तेच वाजवत असला तरी ऐकणाऱ्याला दर वेळी नवीन काहीतरी ऐकू येतं. कोणीच काही बदललेलं नसताना बदल होतो. त्यात बकचं अजून वेगळं, त्याचे दोन हात आणि दोन पाय चार वेगळ्या माणसांचे असल्यासारखे चालतात, एका हातात काठी, दुसऱ्या हातात काहीतरी खुळखुळणारं, पाय त्यांच्या त्यांच्या उद्योगात, आणि हे तो न थांबता पाऊण-पाऊण तास करतो. आईचा ह्यावरचा प्रश्न सगळ्यात प्रॅक्टिकल होता, "त्याचा खांदा भरून येत नाही का गं?"

येत असणार. झाकीर हुसेनना तरी तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) घेऊन क्षणभर सुटता यायचं, ह्याला तो पण चान्स नाही.

दुसऱ्या सेटमध्ये जे झालं ते मात्र मी विसरणार नाही. एब्रहॅम्सनं उजवं पेडल दाबून ठेवलेलं आणि दोन्ही हातांनी कीबोर्डच्या मधल्या भागात भराभर, लाटांवर लाटा, बेस गजानं खालून भरत होता, झांजेची कड कशानं तरी घासली जात होती. आवाज वाढत वाढत असा झाला की हॉलच्या भिंतीच वाजतायत. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्या बायका कुठं गातायत?" बायका नव्हत्या. स्टेजवर तीन पुरुष, रेकॉर्ड लावलेली नाही, काही नाही. पण मलाही ऐकू येत होत्या, वरच्या सप्तकात, आ-कारात. थोड्या वेळानं मला त्याच्याच आत पितळी बाजा ऐकू यायला लागला.

हे नेक्सच्या कार्यक्रमात होतंच, नियमित जाणारे सगळे सांगतात, कोणाला ऑर्गन ऐकू येतो कोणाला घंटा. त्यात चमत्कार काही नाही. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, उजवं पेडल दाबलं की सगळ्यांवरचे दाबणारे पॅड उचलले जातात, मग तुम्ही वाजवता चार तारा पण त्यांच्या सोबतीनं बाकीच्या पण झणझणायला लागतात. प्रत्येक सुराच्या पोटात वरचे सूर असतातच, ते एरवी ऐकू येईपर्यंत सूर विझतो. इथं तो विझूच देत नाहीत. वीस-पंचवीस मिनिटं तोच पट्टा भरत राहिलात की ते पोटातले सूर साठत जातात, एकमेकांवर घासतात, आणि शेवटी न वाजवलेली वाद्यं ऐकू येतात.

मी हे आईला ट्रेनमध्ये उत्साहानं समजावून सांगायला लागले, फिजिक्ससकट. ती म्हणाली, "मला काय सांगतेस. स्वयंभू गंधार तो." झालं, संपला विषय. नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतनं गंधार ऐकू येतो, कोणी छेडलेला नसताना. खर्जाच्या पोटातला पाचवा स्वरांश. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून सरकवून जवारी लावतात ती ह्याच्यासाठीच. आईच्या दृष्टीनं ह्या तिघांनी एवढा मोठा पियानो, एवढा मोठा बेस आणि ड्रम्सचा एवढा संसार मांडून शेवटी एक तंबोरा लावला होता. आणि छान लावला होता असं तिचं मत पडलं.

आता ह्यावरून इथले आपले लोक लगेच म्हणतात की अच्छा, म्हणजे आपला आलापच की! गणपतीत एकानं मला हे ऐकवलं, फार कौतुकानं. नाही हो. आलापात राग असतो, कुठल्या स्वरावर थांबायचं कुठला नुसता दाखवून सोडायचा हे आधीच ठरलेलं असतं, आणि मुख्य म्हणजे एक माणूस गात असतो आणि बाकीचे त्याच्या मागे असतात. अमीर खाँसाहेब अतिविलंबित झुमऱ्यात (चौदा मात्रांच्या तालात, फार संथ) राग हळूहळू उलगडत बढत करायचे तेव्हा दोन मात्रांच्या मधे एखादा चहा पिऊन येईल एवढी जागा असायची, तो धीर नेक्सशी जुळतो, शंभर टक्के जुळतो. पण शेवटी चौदा मात्रांनी सम येते. आणि सम आली की आपण मान डोलावतो, 'वा' म्हणतो, गाणाऱ्याला ते लागतं. नेक्सला सोलो नाही, साथ नाही, सम नाही, त्यामुळे दाद द्यायची तरी कुठं? जॅझच्या क्लबात पण सोलो संपला की टाळ्या पडतात, इथं तो पण मार्ग बंद. आईला दोन-तीनदा 'वा' आलेला मी बघितला आणि ती गिळून बसली. म्हणजे धीर सारखा आहे पण घराणं वेगळं.

मला विचाराल तर त्यांचं खरं वाद्य वेळ आहे. तेवढा वेळ दिला नाही तर आईला ऐकू आलेल्या बायका यायच्याच नाहीत, सहाव्या मिनिटाला गाणं संपवलं असतं तर नुसते पियानोचे चार सूर राहिले असते. आणि वेळ हा मामला दिसतो तेवढा वाजवणाऱ्याच्या हातात नसतो हो. ७८ ची तबकडी होती तेव्हा एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली रेकॉर्ड आज आपण ऐकतो ती तेवढीच, दर्ग्यात ते किती वेळ गायचे ते ऐकायला आपण नव्हतो. लाँग प्ले आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं झाली. ऑर्नेटचे सदतीस मिनिटांचे आठ जण सुद्धा मधे तबकडी उलटायला थांबलेच. रॉकवाल्यांनी मग कात्री काढली. कोलोनचा कॅन हा बँड, १९६८ चा, तासन्‌तास वाजवत बसायचा आणि त्यांचा बेसवाला होल्गर चुकाय टेप कापून, चिकटवून त्यातनं तुकडे काढायचा. जॅझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचं पण १९६९ नंतर तसंच, वाजवायचं मोकळं आणि मग प्रोड्यूसर टिओ मसेरो टेबलावर बसून कापणार. त्या कॅनचा ड्रमर याकी लीबेत्साइट स्वतः फ्री जॅझमधनं आलेला आणि तिथल्या मनसोक्तपणाला कंटाळून यंत्रासारखं एकसुरी वाजवायला लागलेला, मला तो नेक्सचा काका वाटतो, पण हे माझं.

नेक्सचं नशीब असं की ते आले तेव्हा सीडी आली होती. चौऱ्याहत्तर मिनिटं, उलटायची नाही. म्हणून सेक्स छप्पन्न मिनिटं, हँगिंग गार्डन्स (१९९९) तासभर, ड्राइव्ह बाय (२००३) तासभर, सिल्व्हरवॉटर (२००९) सदुसष्ट. मग तबकडीची फॅशन परत आली तेव्हा ह्यांनी पण माप बदललं, माइंडसेटमध्ये (२०११) एका बाजूला एक असे दोनच तुकडे. २०१७ च्या अनफोल्डमध्ये तर दोन तबकड्या, चार बाजू, आणि कुठली आधी कुठली नंतर हे लिहिलंच नाही, तुमचं तुम्ही ठरवा. ट्रॅव्हल (२०२३) साठी म्हणे स्टुडिओत रोज सकाळी आधी वीसेक मिनिटं तिघांनी नुसतं वाजवायचं असा नेम ठेवला आणि त्यातनंच अल्बम झाला. आणि २०२५ ला डिस्क्वाएट आला तो तीन सीडींचा, तीन तासांच्या वर, तुकडे चारच.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, स्टेजवरचे नेक्स आणि अल्बममधले नेक्स हे दोन वेगळे बँड आहेत असं धरून चाला. स्टेजवर तिघं आणि त्यांची वाद्यं, जे होईल ते. स्टुडिओत मात्र थरावर थर चढवतात, एब्रहॅम्स वरून हॅमंड ऑर्गन घालतो, बक गिटार घेतो. कट्टर लोक ह्यावर नाक मुरडतात की हे कसलं इम्प्रोव्हायझेशन. मला काही प्रॉब्लेम वाटत नाही.

आता पैशाचं, कारण इंडिपेंडंट म्हटलं की लोकांना वाटतं फुकट वाजवतात. नेक्सचं स्वतःचं लेबल आहे, नाव 'फिश ऑफ मिल्क', अर्थ विचारू नका. रेकॉर्ड त्यांच्याच मालकीच्या, बाहेरच्या देशात वाटायला छोटी लेबलं, युरोपात बरीच वर्षं आरईआर मेगाकॉर्प, अमेरिकेत नॉर्दर्न स्पाय. ह्यातलं आरईआर म्हणजे ख्रिस कटलरचं, हेन्री काऊचा ड्रमर. हेन्री काऊ हा इंग्लंडचा बँड, तो पण लिहिलेलं रॉक आणि मोकळं इम्प्रोव्हायझेशन ह्यांची खिचडी करायचा, व्हर्जिन रेकॉर्ड्ससोबत त्यांचं बिनसलं, मग १९७८ ला लंडनमध्ये त्यांनी युरोपातले असेच कोणी न घेतलेले बँड जमवून 'रॉक इन ऑपोझिशन' नावाचा फेस्टिव्हल केला आणि त्याच वर्षी कटलरनं आपलं रेकॉर्डचं दुकान मांडलं. म्हणजे मोठ्या कंपनीनं दार लावलं की मागच्या अंगणातनं एकमेकांच्या घरी जायचं, ही व्यवस्था तेव्हापासूनची.

बक्षिसं पण आहेत बरं का, ड्राइव्ह बाय आणि केमिस्ट या दोघांना ऑस्ट्रेलियाचं आरिया अवॉर्ड मिळालं, बेस्ट जॅझ अल्बम, २००४ आणि २००६ ला. जॅझ! त्यात जॅझ किती हा वेगळा विषय, पण कुठल्या तरी खान्यात टाकायला लागतं.

पण आजचा हिशोब बघा. स्ट्रीमिंगमध्ये तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो, मग गाणं दोन मिनिटांचं असो की सदुसष्ट. एखादा पोरगा दीड-दीड मिनिटाची चाळीस गाणी टाकतो आणि त्या तासाभरात त्याचे चाळीस मोजले जातात, नेक्सचा एक. ह्या धंद्यात पाऊण तासाचा तुकडा करणं म्हणजे आपणहून पगार कापून घेणं आहे. म्हणून मी त्यांचे अल्बम विकत घेते, बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर, आणि नवऱ्यानं फॅमिली कार्डाच्या स्टेटमेंटवर पहिल्या अल्बमचं नाव बघून जो चेहरा केला होता तो पण मला त्या किमतीत मिळाला.

सगळं आवडतं असं समजू नका. ईथर (२००१) मला अजून झेपलेला नाही, एक कॉर्ड, मग शांतता, मग एक कॉर्ड, लोक त्याला मास्टरपीस म्हणतात, मला डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये बसल्यासारखं होतं. आणि कधी-कधी लाइव्ह सेट लागत नाही, हे पण खरंय. तिघं शोधतायत शोधतायत, पस्तीस मिनिटं होतात, आणि काही सापडत नाही, मग हळूहळू आवाज कमी करून सोडून देतात. आधी काही ठरवलेलं नसेल तर हे होणारच. माझ्या शेजारी एकदा एक गृहस्थ अशा सेटमध्ये चक्क घोरत होते आणि खरं सांगू, त्यांची लय बाकी तिघांपेक्षा पक्की होती.

सुरुवात करायची असेल तर पहिल्या अल्बमपासून करू नका. केमिस्ट घ्या, वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे आहेत, त्यातला अबिलेरा नावाचा शेवटचा, सरळ रॉकच्या जवळ जातो, तो आधी. गाडी चालवत असाल तर ड्राइव्ह बाय, नावातच आहे, ऑर्गन आणि ड्रम्सची अशी ठाय चाल की सिडनीच्या एम-फोर हायवेवरचा ट्रॅफिक मला सुसह्य झाला होता. थ्री (२०२०) मधला लव्हलॉक रात्री ऐका, तो डेमियन लव्हलॉकसाठी आहे, सेलिबेट रायफल्स या सिडनीच्याच पंक बँडचा गायक, २०१९ ला गेला. वाद्यं पुढे सरकतच नाहीत त्यात, नुसती उभी राहतात.

आणि मग बॉडी, २०१८. हा मात्र एका बैठकीत, छप्पन्न मिनिटं, फोन लांब ठेवून. पहिली वीस-पंचवीस मिनिटं नेहमीचं चालतं, तुम्ही म्हणाल बरं आहे, शांत आहे. मग कुठलीही सूचना न देता बकच्या गिटारी कोसळतात आणि पुढे बराच वेळ तिघंही गॅरेजमधली पोरं असल्यासारखे एकाच कॉर्डवर तुटून पडतात. आईला मी तो मिरजेला व्हॉट्सॅपवर लिंक करून पाठवला होता, उत्तर आलं, "ऐकते आहे. कुकर लावून बसले होते, शिट्ट्या मोजायच्या राहिल्या." तुम्ही ऐका आणि खाली लिहा कसा वाटला ते, पण ती पहिली पंचवीस मिनिटं फॉरवर्ड करून गिटारवर उडी मारलीत तर कृपया मला सांगू नका.